वाचकांचे प्रश्न : पंचवीस वेळा निवडून आलेले सेलर

प्रश्न : माझे थोरले काका नागपूरच्या मेडिकलमधून डॉक्टर होऊन १९६९ साली अमेरिकेला गेले. त्यांच्या बोलण्यात 'सेलर कायदा' हा शब्द नेहमी येई. हे सेलर कोण, आणि त्यांचा आपल्या लोकांशी संबंध कसा आला?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : इमॅन्युएल सेलर (१८८८–१९८१) हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून येणारे डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य, व्यवसायाने वकील. मार्च १९२३ ते जानेवारी १९७३, म्हणजे पन्नास वर्षांना दोनच महिने कमी, ते त्या सभागृहात होते. तिथली मुदत दोन वर्षांची असते. त्यामुळे लोकसभेच्या पाच वर्षांचा हिशेब डोक्यात असलेल्या आपल्याला चटकन जाणवत नाही की या काळात ते पंचवीस वेळा मतदारांसमोर उभे राहिले.

ते सभागृहात आले त्याच्या दोनच आठवडे आधी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निर्णय दिला होता. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते, तरीही. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने स्थलांतरितांचे देशवार कोटे ठरवले आणि आशियाला दार जवळजवळ बंद केले. जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबातल्या सेलर यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला, पण नवख्या सदस्याचे कोण ऐकणार? १९४६ मध्ये, रिपब्लिकन सदस्या क्लेअर बूथ ल्यूस यांच्यासह, त्यांनी भारतीयांसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळवला. शंभर हा आकडा आज हास्यास्पद वाटेल. तरी मूळ महत्त्व नागरिकत्वाच्या हक्काला होते, कारण त्याच्याच बळावर दलीपसिंग सौंद अमेरिकन नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट प्रतिनिधिगृहावर निवडून गेले.

समित्यांचे अध्यक्षपद तेव्हा ज्येष्ठतेने मिळे. १९४९ पासून, मधली दोन वर्षे वगळता, न्यायविषयक समिती सेलर यांच्या हाती राहिली, आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा याच समितीतून पुढे गेला. १९२४ ची कोटापद्धत मोडणारा कायदा, म्हणजेच आपल्या काकांच्या तोंडचा 'सेलर कायदा', मात्र त्यांना एक्केचाळीस वर्षांनी करता आला. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळ त्यावर सही केली. कुटुंबीयांना आणि डॉक्टर, इंजिनियर यांसारख्या व्यावसायिकांना प्राधान्य, आणि भारतासह पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला वीस हजारांची मर्यादा, अशी ती नवी व्यवस्था जुलै १९६८ पासून पूर्णपणे लागू झाली. आपल्या काकांचे १९६९ साल यात नेमके बसते. गंमत अशी की आशियातून तुलनेने फार लोक येणार नाहीत, असे आश्वासन सेलर यांनी स्वतःच चर्चेत दिले होते.

त्याच अध्यक्षपदाची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ समितीत अडवून ठेवली. शेवटी १९७० मध्ये सदस्यांच्या सह्या गोळा करून ती त्यांच्या हातून काढून घ्यावी लागली. १९७२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत तीस वर्षांच्या वकील एलिझाबेथ होल्ट्झमन उभ्या राहिल्या, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या सेलर यांनी त्यांना गंभीरपणे घेतले नाही. सुमारे सहाशे मतांनी ते हरले. होल्ट्झमन पुढे त्यांच्याच जुन्या समितीत बसल्या आणि १९७४ मध्ये निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या सुनावणीत सहभागी झाल्या.

प्रश्न : मग सर्वाधिक काळ सदस्य राहण्याचा विक्रम सेलर यांचाच का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही. तो मिशिगनचे जॉन डिंगेल यांचा आहे : डिसेंबर १९५५ ते जानेवारी २०१५, एकोणसाठ वर्षांहून अधिक. त्यांच्या आधी १९३३ पासून त्यांचे वडील तिथले सदस्य होते आणि नंतर त्यांच्या पत्नी डेबी निवडून आल्या, त्यामुळे घराणी फक्त आपल्याच राजकारणात असतात असे म्हणण्याची सोय उरत नाही.