इंटेल मॅकवरून एम-मालिकेच्या मॅकवर जाताना

एम-मालिका म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक; इंटेलसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर त्यांवर थेट चालत नाही. म्हणून मशीन घेण्याआधी रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करा. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून सीपीयू टॅबमधला 'काइंड' हा रकाना नव्या मॅकवर पाहिला की कळतं: 'ॲपल' म्हणजे मूळ, याच चिपसाठी बनवलेलं; 'इंटेल' म्हणजे ॲपलच्या रोझेटा २ या सोयीमधून भाषांतरित होऊन चालणारं. रोझेटा उत्तम चालतं, पण त्यावर कायमचं विसंबू नका. ॲपलने ते मॅकओएस २७ पर्यंतच पूर्णपणे देण्याचं जाहीर केलंय.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते प्लग-इनपाशी, म्हणजे मोठ्या ॲपला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरपाशी. मूळ ॲपमध्ये जुनं इंटेल प्लग-इन सहसा दिसतच नाही, कारण एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही प्रकारचा कोड चालत नाही. प्लग-इनची नवी आवृत्ती येईपर्यंत ॲपच्या 'गेट इन्फो'मध्ये 'ओपन युझिंग रोझेटा'वर खूण करा. कर्नल एक्स्टेन्शनचं (सिस्टीमच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरसारख्या कोडचं) मात्र भाषांतर होत नाही, म्हणून जुन्या ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर नवा आलाय का, हे आधीच बघा.

मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करण्याची बूट कॅम्प ही सोय इथे नाही. मॅकओएसच्या आत विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्स या ॲपमध्ये आर्मचं (एम-चिप ज्या प्रकारची आहे त्या प्रोसेसरसाठीचं) विंडोज चालतं, पण तिथेही ड्रायव्हर आर्मचेच लागतात. डोंगलवर (परवान्यासाठी यूएसबीला लावायच्या किल्लीवर) चालणारं जुनं अकाउंटिंग किंवा डीटीपी सॉफ्टवेअर असेल तर जुना विंडोज पीसी विकू नका.

मेमरी चिपच्याच पॅकेजमध्ये असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीचं सेकंडहँड स्वस्त मिळालं तरी माझं मत १६ जीबीच घ्या. दोन बाहेरचे मॉनिटर जोडायचे असतील तर साधा एम१ किंवा एम२ मॅकबुक टाळा, तो अधिकृतपणे एकच चालवतो.