पाच वाजताची भूक

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात फोनवर मोठ्या तोऱ्यात म्हणालास, "सर, साखर एकदम बंद. एकवीस दिवस." चौथ्याच रात्री मेसेज आला की एक वाजता क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला आणि आता स्वतःचीच लाज वाटतेय. लाज कशाची? मला तर त्यात तुझं वेळापत्रक दिसलं.

बघ ना. सकाळी सहाला चहा आणि दोन खारी, की निघाला क्लासला. मेसचा डबा साडेअकराला. वरण पातळ, भाजीत बटाटाच जास्त. रात्रीचं जेवण नऊला. मधले साडेनऊ तास तू भौतिकशास्त्राच्या जोरावर काढतोस काय? पाचच्या सुमाराला लागते ती खरीखुरी भूक असते. खाली टपरीवर हाताशी क्रीमची बिस्किटं आणि थंड बाटली असते, म्हणून ती आपल्याला 'गोड खावंसं वाटतंय' अशी भासते. गोड नुसतं बंद केलंस तर भूक जागच्या जागीच राहते आणि रात्री एक वाजता वसूल करते.

बाटलीचा हिशोब एकदा करून ठेव. बहुतेक कोलांमध्ये 100 मिलिलीटरमागे दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे 250 मिलिलीटरची बाटली झाली सहा-साडेसहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर 5 टक्क्यांच्या. 2000 उष्मांकांचा आहार धरला तर हे 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. तुझा दिवसभराचा वाटा एका बाटलीतच संपला, चहा वेगळाच. पुड्यावरची घटकांची यादीही वाचत जा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि साखर तिथे 'इन्व्हर्ट सिरप', 'लिक्विड ग्लुकोज' अशी नावं बदलूनही बसते.

आता माझी फजिती ऐक. डॉक्टरांनी मला साखर सोडा म्हटल्यावर मी चहात गूळ घालू लागलो आणि संध्याकाळी शेंगदाण्याची चिक्की. गावभर सांगत फिरलो की मी साखर सोडली. तीन महिन्यांनी तपासणी केली तर आकडा वरच सरकलेला. गुळात लोह वगैरे थोडं असेल, पण त्यातला मोठा वाटा साखरेचाच आहे. ते 'शुगर फ्री' म्हणून विकायला ठेवलेले खजुराचे लाडूही त्याच जातीचे. खजूर खायचाच तर दोन खा, खजूर म्हणून.

मग खायचं काय? तुझ्या खोलीत गॅस नाही हे धरूनच सांगतो. एक घट्ट झाकणाचा डबा घे. त्यात फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे, दोन्ही सालीसकट. पाचला एक मूठ काढायची, चावून खायची, वर पाणी. त्यातली प्रथिनं, चोथा आणि शेंगदाण्यातलं तेल, हे सगळं पोटातून सावकाश पुढे सरकतं. बिस्किटातला मैदा नि साखर भराभर पचून तासा-दीड तासात पुन्हा भूक उभी करतात. मूठ मात्र एकच, कारण शेंगदाणा तेलाचाच दाणा आहे. डबा मांडीवर घेऊन अभ्यासाला बसू नकोस. आणि सुरकुतलेला, काळपट, कडू लागणारा दाणा सरळ थुंकून टाक. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं विष भाजूनही पूर्ण जात नाही.

याचा कंटाळा आला की मुरमुरे, बारीक चिरलेला कांदा, आईने दिलेली जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि वरून चमचाभर कच्चं तेल. नुसते मुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळच, त्याने काही टिकत नाही. म्हणून त्यात फुटाणे मूठभर जास्तच टाक. घरी गेलास की आईकडून सुशीला शिकून घे. मुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत कांदा-मिरची, वरून डाळ्याचं कूट. पुण्या-मुंबईची पोरं पोह्यांचं कौतुक करतात, त्यांनी सुशीला खाल्लेलाच नसतो! ज्वारीच्या लाह्या मिळाल्या तर त्याही ठेव, पण हवा लागली की चामट होतात.

प्यायला ताक. मोसंबी आमच्याकडे जालन्याची येते, ती सोलून फोडी खा. रसवाला ग्लासात चार-पाच मोसंब्या पिळतो, चोथा टाकून देतो आणि वर चमचाभर साखरही घालतो. तेवढ्या मोसंब्या सोलून खाऊन दाखव बरं एका बैठकीत. बालाघाटाची सीताफळं आता संपत आलीत; एखादं मिळालं तर सोडू नकोस. गोड आहे खरं, पण बिया काढत खाताना हात आपोआप सावकाश चालतो. पुढे बोरं येतील, पेरू येतील, ओला हरभरा येईल. ढाळे सोलत बसलं की तोंड आणि हात दोन्ही गुंतून राहतात, हे माझ्या अनुभवाचं.

आणि येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, गावी येणारच आहेस. त्या दिवशी शेतात भज्जी, उंडे, आंबील, जे वाढतील ते पोटभर खा. वर खीर असली तर तीही. वर्षातून एकदा शेतात बसून खाल्लेल्या खिरीचं आणि रोज टपरीवर उभ्या उभ्या संपवलेल्या पुड्याचं गणित वेगळं आहे. पुढे आगटी पेटली की हुरड्याला शनिवारी ये, रविवारी परत जा. तेवढ्याने तुझी रँक घसरणार नाही.

सकाळचं एक राहिलं. खारीच्या जागी घरून आलेलं धपाटं दह्यासोबत खाऊन बघ, तुझी पाच वाजताची भूक निम्मी तिथेच मिटेल. आईला मी सांगितलंय, ती शुक्रवारच्या एस.टी.ने धपाटी आणि फुटाणे पाठवतेय. धपाटी दोन दिवस टिकतात, तिसऱ्या दिवशी वास घेऊन बघ. आणि डबे परत पाठव. मागचे दोन अजून तुझ्याच खोलीवर पडलेत, त्यांतला निळ्या झाकणाचा माझा आहे.

तुझा,
सर