शुगर असताना फणसाच्या आठळ्या खाल्ल्या तर चालतं का?

चालतं, पण आठळीत स्टार्च बराच असतो, म्हणून ती भात-भाकरीच्या हिशोबात धरायची. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात अळूच्या भाजीत घालतात तेव्हा पाच-सहा वाट्याला येतात, तेवढं ठीक, फक्त त्या दिवशी भात कमी घ्या. मिठात उकडलेल्या समोर आल्या की हात थांबत नाही, तिथेच घोळ होतो बघा.

रोज काही बिया खायच्याच असतील तर जवस बेस्ट, भाजून कुटून चमचाभर चटणी करा, अख्खं खाल्लं तर बरंचसं न पचता तसंच बाहेर पडतं. मेथीदाणे रोज घेत असाल आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच प्लीज, शुगर जास्त खाली येऊ शकते.