प्लूटार्क शेजारी उघडा ठेव

अगं,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण मोबाईलवर एवढं टाइप करायचं म्हणजे माझा अंगठा दुखतो, म्हणून आज सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडलाय. तू लिहिलंयस, "सर, ओळीच्या ओळी नॉर्थमधून उचलल्यात, मग शेक्सपिअरने स्वतः केलं काय?" आणि खाली तो रडका इमोजी. रडू नकोस, शेक्सपिअरच्या रोमन नाटकांवरचा तुझा चॅप्टर याच प्रश्नावर उभा राहणार आहे, फक्त प्रश्न जरा फिरवून विचारायला हवा.

आधी साखळी डोक्यात पक्की कर. प्लूटार्क हा ग्रीक माणूस, खेरोनिया नावाच्या छोट्या गावचा, सीझर मरून साधारण नव्वद वर्षं झाल्यावर जन्मलेला. त्याने लिहिलेली ग्रीक-रोमन थोरांची चरित्रं जाक आम्योने ग्रीकमधून फ्रेंचमध्ये आणली 1559 मध्ये, आणि टॉमस नॉर्थने 1579 मध्ये त्या फ्रेंचवरून इंग्रजी केली, ग्रीकवरून नाही. म्हणजे तू ज्याला सोर्स म्हणतेस तोच मुळात तीन हातांतून आलेला. 1595 ची आवृत्ती छापणारा रिचर्ड फील्ड हा स्ट्रॅटफर्डचाच, त्याने 1593 मध्ये शेक्सपिअरची कविताही छापली होती, त्यामुळे पुस्तक त्याच्या हाती कसं पडलं असेल यावर तर्क लढवायला मजा येते. पण चार पानं त्यात घालवू नकोस, एक वाक्य पुरे.

आता खरी गंमत. ‘अँटनी आणि क्लिओपात्रा’ नाटकाच्या दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश काढ. तिथे मेसिनस नावाचा रोमन विचारतो, काय हो, बारा माणसांच्या नाश्त्याला आठ अख्खी रानडुकरं भाजली म्हणतात ते खरं का? ही डुकरं कुठून आली माहितीय? फिलोटस नावाचा एक पोरगा अलेक्झांड्रियात वैद्यकी शिकत होता, त्याला ओळखीच्या आचाऱ्याने अँटनीचं स्वयंपाकघर दाखवलं, त्याने ती डुकरं बघून तोंडात बोट घातलं, तर आचारी हसून म्हणाला की पाहुणे बाराच आहेत रे, पण साहेब कधी जेवायला बसतील सांगता येत नाही म्हणून एकामागून एक भाजत ठेवायची. फिलोटसने हे प्लूटार्कच्या आजोबांना सांगितलं, आजोबांनी नातवाला, नातवाने पुस्तकात घातलं, मग आम्यो, मग नॉर्थ, मग लंडनचं स्टेज! आपल्याकडे बखरीतली ऐकीव गोष्ट नाटकात येते ना, अगदी तसंच. पण बघ, शेक्सपिअरने आचाऱ्याचं कारण गाळलं आणि रात्रीच्या जेवणाचा नाश्ता केला. कारण गेलं की गोष्ट अफवा होते, आणि रोममध्ये बसून दूरच्या अलेक्झांड्रियाबद्दल माणसं अफवाच चघळणार ना.

त्याच प्रवेशात क्लिओपात्राची ती नौका आहे. सोन्याची पिछाडी, जांभळी शिडं, चांदीची वल्ही, बासरीच्या तालावर वल्हवणं, सगळं नॉर्थचंच. पण नॉर्थमध्ये हे निवेदक सांगतो, नाटकात सांगतो डोमिशियस ईनोबार्बस, म्हणजे अँटनीच्या पदरचा, कशालाही न भुलणारा, सारखी टर उडवणारा रांगडा सैनिक, आणि त्याच्या तोंडून वारा शिडांच्या प्रेमात पडलेला आणि पाणी वल्ह्यांच्या मागे लागलेलं ऐकलं की समजतं अँटनीचं आता काही खरं नाही, कारण हाच जर असा बोलायला लागला तर मालकाचं काय झालं असेल. प्लूटार्कमध्ये हा डोमिशियस अ‍ॅक्टियमच्या लढाईआधीच (अँटनी हरतो ती हीच) तापाने फणफणलेला असताना पळून जातो आणि लगेच मरतो, बहुतेक पश्चात्तापाने असं सूचित करून प्लूटार्क पुढे जातो. शेक्सपिअर त्याला हार झाल्यानंतरही बराच वेळ अँटनीजवळ ठेवतो. अँटनीने सामान मागून पाठवलं हे दोन्हीकडे आहे, पण उशिरा सोडून गेलेल्या माणसाला ते जास्त लागतं.

म्हणून सांगतो, किती उचललं हे मोजत बसू नकोस, कोणाच्या तोंडी दिलं ते बघ. उदाहरणार्थ ‘ज्यूलियस सीझर’मधला सिसेरो, रोमचा नामांकित वक्ता. प्लूटार्क म्हणतो सीझरच्या खुनाच्या कटवाल्यांनी त्याला सांगितलं नाही, कारण तो मुळात भित्रा, त्यात वय झालेलं. नाटकात कटातल्या कॅशियसला तो हवा असतो, ब्रूटस एकटा नको म्हणतो, कारण काय, तर दुसऱ्याने सुरू केलेल्या कामात तो कधी मागून यायचा नाही. हे वाक्य सिसेरोपेक्षा ब्रूटसलाच जास्त लागू पडतं असं मला कायम वाटत आलंय (तुझ्या गाइडना पटेलच असं नाही).

आणि सीझरच्या प्रेतापाशी अँटनीचं ते स्मशानभाषण. प्लूटार्कमध्ये त्याने लोकांना कळवळा येईल असं बोलून सीझरचा रक्ताळलेला झगा दाखवला एवढं सापडेल, भाषण नाही. सीझरचं मृत्युपत्र तिथे आहे पण ते आधी वाचलं जातं, झगा नंतर. नाटकात अँटनी मृत्युपत्र नुसतं दाखवतो, वाचत नाही, खाली उतरतो, झग्यातली भोकं मोजून दाखवतो, लोक जाळपोळीला निघतात तेव्हा मागे बोलावून म्हणतो, अहो मृत्युपत्र विसरलात! दोन वस्तूंची अदलाबदल केली फक्त, आणि गर्दी खिशात. हे जमलं की जखमा 23 च्या 33 झाल्या काय आणि खून पॉम्पीच्या सभागृहातून कॅपिटॉलवर गेला काय, प्रेक्षकाला काही फरक पडत नाही.

उलटं उदाहरण पण घाल, नाहीतर चॅप्टर एकतर्फी होईल. ‘कोरिओलेनस’ या रोमन नाटकात नायकाची आई मुलासमोर जे बोलते ते नॉर्थमध्ये आधीच तिच्याच तोंडी आहे, म्हणून तिथे शेक्सपिअरने फारसा हात लावला नाही, गद्याचं पद्य केलं बस. आणि धान्यासाठीचा दंगा सुरुवातीलाच आणला, प्लूटार्कमध्ये पहिलं भांडण सावकारी व्याजावरून आहे. 1607 मध्ये इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये शेतकऱ्यांचा उठाव झालेला, महागाई होती, त्यामुळे लंडनच्या प्रेक्षकाला भाकरीची भाषा लगेच कळणार होती.

शेक्सपिअरच्या काळातला दुसरा नाटककार बेन जॉन्सन विसरू नकोस. त्याने सेजेनस या रोमनावर नाटक केलं 1603 मध्ये, रोमन इतिहासकार टॅसिटसवरून, नटांच्या यादीत शेक्सपिअर स्वतः आहे. लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये प्रेक्षकांनी ते पाडलं. 1605 ला छापलं तेव्हा समासात संदर्भांची रांग लावली, तुमच्यासारख्या एम.ए.वाल्यांना खूश करायला जणू. एक पॅरा त्याच्यावर लिही, पण त्याला हसू नकोस हं, त्याची मेहनत खरी होती.

काम असं कर. एक्सेल उघड, तीन कॉलम: नॉर्थ काय म्हणतो, नाटकात काय आलं, कोण बोलतंय. तिसरा कॉलम आधी भर. दुसऱ्या अंकातल्या त्याच प्रवेशापासून सुरू कर, पन्नासेक ओळी झाल्या की मला पाठव, आणि प्लीज पीडीएफ नको, वर्डमध्ये पाठव म्हणजे मधेमधे लाल करता येईल.

तुझा,
सर