वाचक विचारतात: चौक मोठा करायचा की फुटपाथ?

प्रश्न: नमस्कार. आमच्या पेठेतल्या चौकाचं नवीन डिझाईन करायचं घाटतंय. कागदावर फुटपाथ रुंद दाखवलेत, बाक आहेत, झाडं आहेत. दुकानदार म्हणतात गाड्या लावायच्या कुठं, मंडळाची पोरं म्हणतात मांडव आणि मिरवणुकीचं काय, आणि माझ्या सत्तरीतल्या आईला तर आत्ताच एका सिग्नलमध्ये रस्ता ओलांडता येत नाही, ती मध्यात असताना दिवा बदलतो. पुढच्या आठवड्यात बैठक आहे, तिथं नेमकं काय मागावं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: आईंपासूनच सुरुवात करा, चौकाचं खरं दुखणं तिथंच कळतं. सिग्नलचा वेळ काढताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. गुडघे सांभाळत चालणारं माणूस ०.८ नं चालतं. रस्ता १४ मीटरचा असेल तर त्यांना सतरा-अठरा सेकंद हवेत, पण आपल्याकडं कोपरे इतके गोल कापलेले असतात की तोंडाशी तोच रस्ता वीस मीटरचा होतो, मग पंचवीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात डावीकडं वळणाऱ्या गाड्या ब्रेकही न मारता येतात कारण वळण ऐसपैस आहे ना. म्हणून पहिली मागणी कोपऱ्यांची करा. कोपरा आवळला, तिथला फुटपाथ पुढं आणला की अंतर घटतं आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो. पीएमपीची बस वळेल का अशी शंका कुणीतरी काढणारच, आणि ती रास्त आहे, तर रात्री खडूनं रेघ मारून खरोखरची बस वळवून बघा म्हणावं.

यानं ट्रॅफिक तुंबेल असं म्हणतात ते मला पटत नाही. चौकातून किती गाड्या सुटतात ते ठरतं थांबरेषेपाशी किती लेन आहेत आणि हिरवा दिवा किती वेळ आहे यावर. मधल्या मोकळ्या डांबरानं एकही गाडी जास्त सुटत नाही, तिथं फक्त रिक्षा आणि दुचाक्या घुसून अडकतात.

फुटपाथची रुंदी विचारताना नकाशावरची नको, मोकळी विचारा. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे निदान १.८ मीटर विनाअडथळा. विजेची डीपी पेटी, दिव्याचा खांब, पाटीचे पाय, दुकानाची पायरी हे सगळं वजा करून १.८ उरतंय का ते टेपनं मोजा.

मंडळांचं म्हणणं मात्र नीट ऐकायला हवं, मी तर म्हणेन त्यांना डिझाईनच्या टेबलावरच बसवा. अलका टॉकीजच्या चौकात विसर्जनाला लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर रस्त्यावरून मिरवणुका येतात, तिथं मध्ये सिमेंटचा कट्टा आणि झाड लावून चालेल का? आणि लकडी पुलावर मेट्रोच्या उंचीवरून २०२१ मध्ये केवढा वाद झाला ते आपण पाहिलंच, रथ खालून जाईल का हा प्रश्न काम सुरू झाल्यावर विचारायचा नसतो. तेव्हा दुभाजक आणि बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) उचलून काढता येतील असे मागा, आडव्या तारा आणि कमानींची उंची नकाशावर लिहून घ्या. मांडवाच्या खांबांसाठी झाकण असलेले सॉकेट आधीच बसवले तर दरवर्षी रस्ता खणायला नको. फरशीखाली पक्कं काँक्रीट हवं, नाहीतर रथाच्या चाकाखाली पेव्हर ब्लॉक बसतात आणि पावसाळ्यात त्यात डबकी साचतात. अॅम्ब्युलन्सची वाट उत्सवातही मोकळी राहील हे पण लिहून घ्या.

दुकानदारांना माल उतरवायला सकाळची ठरलेली वेळ आणि जागा द्या, कोपऱ्यावरचं पार्किंग मात्र जायलाच हवं. त्यांचा विश्वास बसत नसेल तर आधी ट्रायल घ्या. महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात गाड्या बंद ठेवून पादचारी दिन केला होता, न्यूयॉर्कनं टाइम्स स्क्वेअरला २००९ मध्ये रस्ता अडवायचे ड्रम आणि घडीच्या खुर्च्या ठेवून सुरुवात केली, दगडी काम पुष्कळ नंतर झालं. तुमच्याकडं शंकू आणि रंग पुरेल, पण शनिवार-रविवारची संध्याकाळ त्यात धराच.

प्रश्न: त्यापेक्षा पादचारी पूल बांधला तर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: हायवेवर बांधावाच. गावातल्या चौकात नको. जिना चढून उतरायचं म्हटलं की तरुण माणूससुद्धा गाड्यांमधूनच पळतो, ज्यांना चढवत नाही ते घरीच बसतात आणि जिन्याचे पाय फुटपाथ खातात ते वेगळंच. त्याऐवजी फुटपाथच्या उंचीला आणलेलं झेब्रा क्रॉसिंग आणि मध्ये थांबायला दोन मीटरची जागा मागा.