बिअर उकळून झाल्यावर इलेक्ट्रिक केटलच्या एलिमेंटवर बसलेला काळा थर कसा काढायचा?

थर सुकू देऊ नका, निम्मं काम तिथेच होतं. वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) काढला की लगेच एलिमेंट पूर्ण बुडेल इतकं पाणी भरा, सोडियम परकार्बोनेटची पावडर टाका, 60 अंशांपर्यंत तापवा आणि अर्धा तास पंपाने फिरवत ठेवा. नळ्याही आतून धुतल्या जातात. करपलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. तारेची घासणी नको; ओरखड्यांत पुढच्या वेळी आणखी चिकटतं. धुतल्यावरही पांढुरका, खरखरीत थर राहिला तर तो क्षारांचा, त्याला सायट्रिक ॲसिड. ब्लीच स्टीलला लावूच नका, खड्डे पडतात.

बॉल व्हॉल्व्ह (केटलची तोटी) अधूनमधून खोलून साफ करा. माझ्या ‘स्वच्छ’ व्हॉल्व्हमधून हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) हिरवट, आंबूस चिखल निघाला होता! आणि हो, हात घालण्याआधी प्लग काढा.