डीमार्ट की रिलायन्स? नवीन संसार मांडणाऱ्यांसाठी

पहिलं म्हणजे पाकिटावरची एमआरपी आणि "इतकी सूट" हे बघूच नकोस, युनिट सेल प्राइस बघ, म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं ते, हल्ली ते पॅकेटवरच छापलेलं असतं, फक्त ते एमआरपीवरून काढलेलं असतं त्यामुळे दुकानाच्या रेटला वजनाने परत भागून बघायचं. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं असं नाही हां!

डीमार्टचं कसंय, तिथे रोजच रेट कमी, सेलची वाट बघायला लागत नाही, त्यामुळे तेल, साखर, डाळी, साबण तिथून भर, पण वीकेंडला जाऊ नकोस, बिलिंगच्या लाइनीतच जीव जातो. रिलायन्स स्मार्टला ऑफर असतात, पण "एकावर एक"मध्ये दोन्हीची एक्सपायरी बघायची म्हणजे बघायचीच. भाजी मात्र मंडईतूनच घे प्लीज, ताजी मिळते आणि निवडून घेता येते.

आणि मुंबईत असशील तर मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संस्थेचं नक्की बघ, १९७५ पासून चालू आहे, शेजारच्या घरांचा ग्रुप करून महिन्याचं सामान एकत्र मागवायचं, मला तर हे फार आवडतं.